शाळेचे दप्तर व जाळ्यावरील संग्रहयंत्र : मांडणी, दोषशोधन आणि पडताळणी

१. प्रयोजन

प्रत्येक प्राथमिक शाळेच्या कपाटात एक नोंदवही अशी असते की, तिची किंमत पैशांत करता येत नाही. ती नोंदवही म्हणजे जनरल रजिस्टर होय. मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, जात, शाळेत दाखल झाल्याचा व शाळा सोडल्याचा दिवस, एवढाच मजकूर तीत असतो. परंतु या थोड्या मजकुरावर पुढे एखाद्या कुटुंबाचे सारे भवितव्य अवलंबून राहते. जातीच्या दाखल्यासाठी व त्याच्या पडताळणीसाठी आपल्या राज्यात मानीव दिनांक ठरलेले आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपले घराणे त्या दिवसापूर्वीपासून येथलेच आहे, हे दाखविण्यास भूमिहीन मजुराच्या नातवाजवळ सातबारा नसतो, खरेदीखत नसते. बहुधा असते ती आजोबांच्या शाळाप्रवेशाची एक ओळ. ती ओळ वाळवीने खाल्ली किंवा पावसाने धुतली, तर मुलाचा प्रवेश अडतो, शिष्यवृत्ती अडते आणि दोष कोणाचाच नसताना त्याचे वर्ष वाया जाते.

म्हणून जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात ठेवण्याचे काम अनेक शाळांनी अंगावर घेतले आहे. हे काम स्तुत्य आहे. परंतु ती छायाचित्रे एका शिक्षकाच्या भ्रमणध्वनीत, दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवर आणि तिसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये विखुरलेली असतात. शिक्षकाची बदली होते, पेन ड्राइव्ह हरवतो, लॅपटॉप नादुरुस्त होतो. आणि कागदही गेला व चित्रही गेले, अशी स्थिती होते. शाळेचा संगणकीय संग्रह एका ठिकाणी, सर्वांस उघडता येईल असा आणि तरीही सुरक्षित कसा ठेवावा, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

२. संग्रहयंत्र म्हणजे काय

जाळ्यावरील संग्रहयंत्र म्हणजे ज्याचे मुख्य काम फाइली सांभाळणे व मागेल त्याला त्या देणे हेच आहे, असा एक साधा संगणक. त्यास बाजारात ‘नॅस’ असे म्हणतात. तो शाळेच्या राउटरला केबलीने जोडलेला असतो. त्यास स्वतःचा पडदा किंवा कळफलक रोजच्या वापरात लागत नाही. कार्यालयातील संगणक, वर्गातील लॅपटॉप व शिक्षकांचे भ्रमणध्वनी हे सर्व राउटरमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचतात. यासाठी इंटरनेट असावेच लागते असे नाही. राउटर चालू असला की, गावाबाहेरची तार तुटली असतानाही शाळेतील यंत्रे परस्परांशी बोलू शकतात. ही गोष्ट खेड्यातील शाळेस विशेष उपयोगाची आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके एकदा उतरवून या यंत्रावर ठेवली, तर इंटरनेट नसलेल्या दिवशीही ती प्रत्येक वर्गात उघडतात.

निरनिराळ्या जातीच्या संगणकांनी एकमेकांच्या फाइली वाचाव्यात यासाठी जी आज्ञावली वापरली जाते, तिचे नाव ‘सांबा’ असे आहे. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९२ च्या सुमारास ती लिहिण्यास प्रारंभ केला, आणि ती आजही विनामूल्य मिळते. तिच्याच आधाराने चालणारी ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ व ‘ट्रूनॅस’ यांसारखी तयार साधने आहेत. त्यांपैकी ओपनमीडियाव्हॉल्ट हे जुन्या संगणकावरही चालते. म्हणून पुढील कृती त्यास धरून दिली आहे.

३. साहित्य व जागा

नवे यंत्र विकत घेण्याची आवश्यकता नाही. विंडोज १० या प्रणालीस मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ न पेलणारे अनेक संगणक कोपऱ्यात पडले. संग्रहयंत्रासाठी असा संगणक पुरेसा आहे. तो चौसष्ट बिटांचा असावा व त्यात निदान २ जीबी मेमरी असावी. याखेरीज पुढील साहित्य लागते :

(अ) प्रणाली बसविण्यासाठी एक लहान डिस्क. संगणकातील मूळची चालेल.
(आ) फाइली ठेवण्यासाठी एक वेगळी हार्ड डिस्क. प्रणाली व फाइली एकाच डिस्कवर ठेवू नयेत.
(इ) दुसऱ्या प्रतीसाठी बाहेरून जोडावयाच्या दोन डिस्क. त्यांवर ‘अ’ व ‘ब’ अशी ठळक अक्षरे लिहावीत.
(ई) राउटर, आणि ‘कॅट ५ ई’ किंवा त्याहून वरच्या प्रतीची केबल. एका केबलीची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी.
(उ) यूपीएस. ओळीतील दाब कमीजास्त होतो तेथे ही चैन नसून गरज आहे.

किती जागा लागेल याचा हिशेब आधी करावा. नोंदवहीच्या एका पानाचे स्पष्ट चित्र सुमारे २ एमबीचे होते असे धरल्यास २०० पानांच्या वहीस ४०० एमबी, व अशा २० वह्यांस ८ जीबी जागा पुरते. म्हणजे शाळेचे संपूर्ण जुने दप्तर एका साध्या पेन ड्राइव्हएवढेच आहे. जागा खाणाऱ्या गोष्टी चित्रफिती होत. एक टेराबाइटची डिस्क संगणकात ९३१ जीबी दिसते, यामुळेही गोंधळू नये. दुकानदार १०,००,००,००,००,००० बाइटांना एक टेराबाइट म्हणतो, तर विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइटांना एक जीबी मानते. पहिल्या संख्येस दुसरीने भागले असता ९३१ येतात. सातवीच्या वर्गास भागाकाराचे उदाहरण म्हणून हे घालण्यास हरकत नाही.

जागा निवडताना उष्णता, धूळ, पाणी व माणसांची वर्दळ या चार गोष्टी पाहाव्यात. माळशिरस तालुक्यात उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी बंद कपाटात ठेवलेली डिस्क लवकर बिघडते. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून उंच, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवावे. छताची गळकी जागा पावसाळ्यापूर्वीच हेरून ठेवावी. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी आपल्या जिल्ह्यात येते व नातेपुत्यास मुक्काम करते. पालखीमार्गावरील ज्या शाळेच्या खोल्या वारकरी बांधवांच्या निवासासाठी द्यावयाच्या असतील, त्या शाळेने आदल्या दिवशी यंत्र रीतसर बंद करून, केबली काढून, कुलपाच्या कपाटात ठेवावे. भ्रमणध्वनी भारित करण्यासाठी कोणीही चालू यंत्राची कळ काढू शकतो, हे विसरू नये.

४. मांडणीची कृती

शाळेत हात घालण्यापूर्वी ही मांडणी शिक्षकाने आपल्या घरी एकदा करून पाहावी. घरातील छायाचित्रे, विम्याची व जमिनीची कागदपत्रे यांसाठी तीच रचना उपयोगी पडते, आणि घरी झालेली चूक शाळेच्या दप्तरास बाधत नाही.

पहिली पायरी. दुसऱ्या संगणकावर ओपनमीडियाव्हॉल्टची प्रतिमा-फाइल उतरवून ती पेन ड्राइव्हवर लिहून घ्यावी. पेन ड्राइव्हवरील पूर्वीचा मजकूर यात पुसला जातो.

दुसरी पायरी. प्रणाली बसविताना फाइलींची डिस्क काढून ठेवावी. प्रणाली निवडलेली डिस्क पूर्णपणे पुसते. चुकीची डिस्क निवडण्याची संधीच राहू नये, हा उत्तम बंदोबस्त होय.

तिसरी पायरी. यंत्र राउटरला केबलीने जोडून सुरू करावे. पडद्यावर त्याचा पत्ता दिसतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. ‘१९२.१६८’ने आरंभ होणारे पत्ते १९९६ मध्ये ठरलेल्या संकेतानुसार खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले आहेत. गावातील वॉर्डात घरक्रमांक असावा तसा हा त्या जाळ्यापुरता क्रमांक आहे. संगणकावर हे आकडे इंग्रजी अंकांतच टंकावेत.

चौथी पायरी. हा पत्ता कायम करावा. राउटर प्रत्येक यंत्रास तात्पुरता पत्ता देतो व तो पुढे बदलू शकतो. म्हणून राउटरच्या पानावर जाऊन या यंत्रासाठी एक पत्ता राखून ठेवावा. ही एक गोष्ट न केल्यामुळे पुढील निम्मे घोटाळे उद्भवतात.

पाचवी पायरी. दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टंकला की यंत्राचे व्यवस्थापन-पान उघडते. प्रारंभीचे नाव ‘अ‍ॅडमिन’ व पासवर्ड ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ असा असतो. तो सर्व जगास ठाऊक आहे. म्हणून प्रथम तोच बदलावा.

सहावी पायरी. यंत्र बंद करून फाइलींची डिस्क जोडावी व पुन्हा सुरू करावे. ‘स्टोरेज’ विभागात जाऊन तिच्यावर ‘ईएक्सटी ४’ ही रचना निर्माण करावी. डिस्कवर आधीचे काही असल्यास ते जाईल, हे लक्षात असू द्यावे.

सातवी पायरी. तीन फोल्डर करावेत : ‘दप्तर’, ‘पाठ’ व ‘कामकाज’. ते ‘एसएमबी’ या सेवेखाली सर्वांस दिसतील असे मांडावेत व सेवा चालू करावी. प्रत्येक बदलानंतर पानाच्या वरच्या बाजूस येणारी बदल लागू करण्याची सूचना मान्य करावी. ती मान्य केल्याखेरीज बदल अमलात येत नाही.

आठवी पायरी. विंडोज संगणकावर फाइलींच्या खिडकीत वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन पुढे यंत्राचा पत्ता टंकावा. फोल्डर दिसले की मांडणी पूर्ण झाली.

५. कोणास काय उघडावे

शाळेत हजेरी एकाने घ्यावी व रजिस्टरवर सही दुसऱ्याने करावी, असा क्रम असतो. येथेही तोच ठेवावा. ‘पाठ’ या फोल्डरात सर्व शिक्षकांना वाचता व लिहिता यावे. ‘कामकाज’ यात मुख्याध्यापक व लेखनिक काम पाहणारे शिक्षक यांना लिहिता यावे. ‘दप्तर’ यात मात्र इतरांना केवळ वाचता यावे, आणि लिहिण्याचा अधिकार एका वेगळ्या नावास द्यावा; ते नाव नवी पाने चढविण्याच्या दिवशीच वापरावे. प्रत्येक शिक्षकास स्वतंत्र नाव व पासवर्ड असावा. सर्वांचा एकच पासवर्ड म्हणजे कोणाचाच नाही.

हे यंत्र बाहेरच्या इंटरनेटवरून उघडता येईल अशी सोय करू नये. राउटरमध्ये तशी वाट उघडून देणे सोपे आहे व घरबसल्या फाइली पाहण्याचा मोहही होतो. परंतु जनरल रजिस्टरात मुलांची व पालकांची वैयक्तिक माहिती असते. ती सांभाळणे हे शाळेचे कर्तव्य आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने त्या जबाबदारीस अधिकच वजन आले आहे. शिवाय मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने अनेक देशांतील संगणकांच्या फाइली कुलूपबंद केल्या. फाइली वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतील एका उणिवेचाच तिने उपयोग केला होता. वेशीचे दार उघडे ठेवून घराला कुलूप लावण्यात अर्थ नाही.

६. एक प्रत म्हणजे प्रत नव्हे

येथवर जे झाले त्यास पुष्कळ लोक ‘सुरक्षित संग्रह’ समजतात. तो समज बरोबर नाही. यंत्रात दोन डिस्क बसवून एकीचे प्रतिबिंब दुसरीवर ठेवण्याची सोय असते. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालविते, एवढाच तिचा लाभ. कोणी चुकून फोल्डर पुसला, तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी पुसला जातो. वीज पडली, आग लागली, यंत्र चोरीस गेले, तर दोन्ही एकदमच जातात.

सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीखालच्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. परंतु २००५ च्या महापुराचे पाणी अनेक पेवांत शिरले आणि आतला माल नासला. पेव वाईट नव्हते; सारी पेवे एकाच नदीकाठी होती. मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर २१ जून २०१२ रोजी आग लागली. ती वरच्या मजल्यांवर पसरली, पाच जणांचे प्राण गेले आणि अनेक खात्यांच्या फाइली जळाल्या. ज्या कागदाची प्रत दुसरीकडे होती, तोच कागद अशा वेळी पुन्हा उभा राहतो.

यासाठी जगभर एक सोपा नियम मानला जातो : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या इमारतीत. आपल्या शाळेपुरता त्याचा अर्थ असा. पहिली प्रत संग्रहयंत्रावर. दुसरी ‘अ’ डिस्कवर, शाळेच्या कुलूपबंद कपाटात. तिसरी ‘ब’ डिस्कवर, केंद्रशाळेच्या कपाटात, वरिष्ठांच्या लेखी संमतीने व पोचपावती घेऊन. दर शनिवारी कपाटातील डिस्क जोडून प्रत घ्यावी व लगेच काढून ठेवावी. महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेस जाताना ‘अ’ न्यावी व ‘ब’ आणावी. पुढच्या महिन्यात उलट करावे. डिस्क सतत जोडून ठेवू नये. खंडणीखोर आज्ञावली जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही; कपाटात पडलेल्या डिस्कपर्यंत मात्र ती पोहोचू शकत नाही.

मूळ कागदी नोंदवही ही कायम जतन करावयाची वस्तू आहे, आणि चित्र झाले म्हणून ती रद्दीत काढता येत नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

७. दोषशोधन

यंत्र बिघडले असे वाटले की, आठ ठिकाणी हात घालण्याची घाई होते. ते टाळावे. दोषशोधनाचे दोन नियम आहेत. पहिला, जे सर्वांत साधे ते सर्वांत आधी तपासावे : वीज, केबल, पत्ता, सेवा, अधिकार, डिस्क, याच क्रमाने. दुसरा, एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत लिहावा. नेहमी आढळणारे दोष खाली दिले आहेत.

(१) कोणत्याच संगणकावरून यंत्र दिसत नाही. केबल जेथे बसते तेथील दिवा पाहावा. दिवा लागत नसेल तर केबल सैल किंवा तुटकी आहे. दुसरी लावून पाहावी. दिवा लागत असेल तर राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी पाहावी. यंत्र तेथे निराळ्या पत्त्याने दिसल्यास चौथी पायरी राहून गेली आहे.

(२) एका संगणकावर दिसते, दुसऱ्यावर नाही. दुसरा संगणक बहुधा पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असतो. ते जाळे मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. त्यावरून आतील यंत्रे दिसत नाहीत. शाळेत दोन राउटर असल्यासही हेच घडते. एकाचे पत्ते ‘१९२.१६८.०’ने व दुसऱ्याचे ‘१९२.१६८.१’ने आरंभ होत असतील, तर ती दोन वेगळी गावे झाली. सर्व यंत्रे एकाच राउटरवर आणावीत.

(३) पत्ता टंकल्यावर उघडते, नावाने उघडत नाही. यंत्र निरोगी आहे. केवळ नाव शोधणारी व्यवस्था अडली आहे. पत्त्यानेच काम करावे व त्याचा शॉर्टकट पडद्यावर ठेवावा.

(४) पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही. विंडोज जुना पासवर्ड स्मरणात ठेवते व तोच पुनःपुन्हा पुढे करते. ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जाऊन जुनी नोंद पुसावी व संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या नाव-पासवर्डावाचून होणारा प्रवेशही नाकारतात. म्हणून प्रत्येकास नाव देणे हाच उपाय होय. याच कारणासाठी एसएमबीची पहिली, जुनी पद्धत पुन्हा सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ती २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० मध्ये मुळातच बसविली जात नव्हती, ती योग्य कारणानेच.

(५) फोल्डर उघडतो, पण त्यात लिहिता येत नाही. या घराला दोन दारे आहेत. एक सेवेचे, दुसरे खुद्द फोल्डराचे. दोन्ही दारी त्या शिक्षकाच्या नावापुढे लिहिण्याचा अधिकार असला पाहिजे. एक दार उघडून दुसरे विसरणे ही नित्याची गोष्ट आहे. डिस्क भरली असल्यासही हेच लक्षण दिसते. म्हणून शिल्लक जागा आधी पाहावी.

(६) फार सावकाश चालते. केबलीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. जलद वेगास चारही लागतात. एखादी तार तुटली की, यंत्रे आपापसांत ठरवून दोनच जोड्यांवर काम चालवितात, आणि सेकंदास सुमारे ११० एमबीऐवजी सुमारे ११ एमबी एवढाच वेग मिळतो. ८ जीबीचे दप्तर सव्वा मिनिटात उतरण्याऐवजी बारा मिनिटे घेते. वेग बरोबर दहावा झाला असेल, तर केबल किंवा राउटरचे भोक तपासावे. वेग कमीजास्त होत असेल, तर वायफाय दुर्बळ आहे.

(७) मोठी चित्रफीत बाहेरच्या डिस्कवर जात नाही. ती डिस्क ‘फॅट ३२’ रचनेची आहे. त्या रचनेत ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. डिस्क रिकामी करून दुसऱ्या रचनेची करावी.

(८) वीज गेल्यानंतर यंत्राचा दिनांक चुकतो. संगणकातील बटणाएवढी ‘सीआर २०३२’ बॅटरी संपली आहे. ती बदलावी. दिनांक चुकला की कोणती प्रत नवी व कोणती जुनी हेच कळेनासे होते, म्हणून हा दोष क्षुल्लक मानू नये.

(९) डिस्कमधून टकटक असा आवाज येतो, किंवा फाइली उघडताना यंत्र थांबते. व्यवस्थापन-पानावर ‘स्मार्ट’ नावाचा डिस्कचा प्रकृतिअहवाल असतो. त्यात बदललेल्या व प्रलंबित भागांची संख्या शून्याहून अधिक असून वाढत असेल, तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. येथे दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत. यंत्र वारंवार बंद-चालू करू नये. सर्वप्रथम जे वाचता येते त्याची प्रत घ्यावी, मग डिस्क बदलावी.

यंत्र नेहमी व्यवस्थापन-पानावरूनच बंद करावे. कळ दाबून वीज तोडू नये. शाळेच्या वेळेतच चालविले तरी चालते. ३० वॅटचे यंत्र अहोरात्र चालल्यास तीस दिवसांत सुमारे साडेएकवीस युनिट वीज घेते; रोज सहा तास, महिन्यास पंचवीस दिवस चालविल्यास साडेचार युनिटच.

८. पडताळणी : या पाठाचे सार

वरील सर्व कृती निर्दोष झाली, तरी एक प्रश्न उरतो. ‘ब’ डिस्कवर खरोखरच दप्तर आहे काय? प्रत घेतल्याचा संदेश पडद्यावर आला, याचा अर्थ प्रत वाचता येते असा नाही. फोल्डर रिकामा असू शकतो, चित्र अर्धवट असू शकते, मार्चपासून एकही नवे पान चढले नसावे, असेही होते. पेवात ज्वारी भरून वर माती लिंपली म्हणजे ती चांगली राहिली असे कोणताही शेतकरी मानीत नाही. उघडून, मूठभर हाती घेऊन, हुंगूनच तो ठरवितो. संगणकीय संग्रहासही हाच न्याय लावावयाचा आहे. जी प्रत उघडून वाचली, तीच प्रत.

म्हणून दरमहा एक दिवस ठरवून पुढील क्रम पाळावा. ज्या संगणकावर दप्तर कधी ठेवलेले नाही, असा संगणक घ्यावा. संग्रहयंत्र बंद करावे, म्हणजे फाइल तेथून आली की डिस्कवरून, हा संशय राहणार नाही. ओपनमीडियाव्हॉल्टने लिहिलेली ईएक्सटी ४ रचनेची डिस्क विंडोजवर आपोआप उघडत नाही. म्हणून ‘अ’ व ‘ब’ या डिस्क मुळातच ‘एनटीएफएस’ रचनेच्या ठेवाव्यात. डिस्क जोडून कोणतेही एक वर्ष निवडावे, त्यातील एक पान उघडावे आणि कपाटातील मूळ नोंदवहीशी ताडून पाहावे. नाव, जन्मतारीख व अनुक्रमांक स्पष्ट वाचता आले पाहिजेत. मग एका साध्या वहीत पाच रकाने भरावेत : दिनांक, डिस्कचे अक्षर, पाहिलेले वर्ष व पान, निष्कर्ष, सही. दर महिन्यास वेगळे वर्ष घ्यावे. पान न उघडल्यास त्याच दिवशी नवी प्रत घ्यावी व कारण वहीत लिहावे. या कामास पंधरा मिनिटेही लागत नाहीत.

शिक्षक बदलून गेल्यावर हे काम थांबू नये, यासाठी यंत्राचा पत्ता, डिस्कची जागा व वरील क्रम एका कागदावर लिहून तो कार्यभाराच्या यादीत जोडावा. पासवर्ड मात्र त्या कागदावर न लिहिता मोहोरबंद लखोट्यात घालून मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावा.

९. शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. आपल्या शाळेतील सर्वांत जुने जनरल रजिस्टर कोणत्या वर्षाचे आहे? त्यातील १९६७ पूर्वीची पाने किती, व त्यांपैकी किती पानांची स्पष्ट चित्रे घेतलेली आहेत?

२. उद्या सकाळी कार्यालयाची खोली उघडताच संगणक जागेवर नाही असे आढळले, तर त्या पानांची प्रत कोठून मिळेल? ठिकाण व व्यक्तीचा हुद्दा लिहा.

३. आपल्या शाळेतील कोणत्याही एका साठवलेल्या फाइलीची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. किती वेळ लागला व कोणती अडचण आली, ते परिषदेत सांगा.

पहिल्या प्रश्नात ज्या शाळेची चित्रे अपुरी असतील, तिने यंत्राची वाट न पाहता १९६७ पूर्वीच्या पानांपासून आरंभ करावा. भ्रमणध्वनीने सूर्यप्रकाशात, पान सपाट धरून, सावली न पडू देता घेतलेले चित्रही चालते. यंत्र पुढच्या महिन्यात मांडता येईल. वाळवी तोवर थांबणार नाही.